तपासनीसाचा पाहुणचार

लानवेदर, वेल्स
४ मार्च

ति. ग्वेनोताईस,
इद्रिसचा शि. सा. न. वि. वि.

ताई, अपंगभत्त्याची मुदतवाढ नाकारली गं. तपासायला प्रोबर्ट म्हणून एक जण घरी आला होता. पाहुणा येणार म्हटल्यावर तुझ्या भावजयीने, नेस्टाने, पहाटेच माझी दाढी केली, रविवारी चॅपलला प्रार्थनेला घालायचा काळा सूट चढवला, टायही तिनेच बांधला. आपल्याकडे पाहुण्याला बसल्या बसल्या कोणी या म्हणतं का? दाराला धरून, ओठ आवळून कळ सोसत उभा राहिलो. त्याने नेस्टाचा केक दोनदा मागून हाणला आणि अहवालात लिहिलं की, हा इसम स्वतः कपडे घालतो, उभा राहून स्वागत करतो. खाणीत मोडलेली कंबर अन् चेचलेली बोटं मेल्याला दिसलीच नाहीत! आता भत्त्यातून मिळालेली मोटारगाडीही काढून नेतील. मग गाण्याच्या तालमीला काय रांगत जाऊ? वाटोळं होवो त्याचं.

तुझा,
इद्रिस

बँगोर
९ मार्च

चि. इद्रिस यास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, तपासनीस म्हणजे काय व्याही होता? आईने लावलेलं वळण नडलं तुला. आता रडू नकोस, अपील कर. लवादापुढे दाढी वाढलेली, अंगात घरचा मळका स्वेटर, असाच जा. शर्टाचं बटण लावायला सांगितलं तर नेस्टाला हात लावू देऊ नकोस. लाज घरी ठेव. आणि त्या प्रोबर्टला मी असं सोडणार नाही; तूही सोडू नकोस.

नेस्टाला सांग, चूक तिची नाही.

तुझी रागावलेली,
ग्वेनो

लानवेदर
२ जून

ति. ताईस सा. न.

जिंकलो! गाडी राहिली. पण तीन परक्या माणसांसमोर बटणाशी झटताना डोळ्यांत पाणी आलं, ते मी विसरणार नाही.

काल चॅपलमध्ये गाण्याचा मेळा होता. डोंगरापलीकडची मंडळी आली, त्यात प्रोबर्ट! चहाच्या टेबलावर नेस्टा होती. तिने सगळ्यांना केक वाढला. त्याची बशी पुढे आली तेव्हा भरसभेत म्हणाली की, तुम्हाला वाढलं तर वाढणारा धडधाकट ठरतो, तेव्हा माफ करा. लोक असे हसले की बिचारा रिकामी बशी घेऊन कानापर्यंत लाल झाला. बिचारा कसला, मेला!

मग तोंड लपवत माझ्याकडे आला आणि हात पुढे केला. सगळं चॅपल बघत होतं. जन्मात पहिल्यांदा मी पाहुण्यासमोर उठलो नाही, हातही दिला नाही. आई असती तर थोबाड फोडलं असतं माझं. पण ताई, बसण्यात इतकं सुख असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

तुझा राग असाच माझ्या बाजूने राहो.
इद्रिस