कणकुंबीचा टॉमस

बेळगाव, ३ फेब्रुवारी १९४७

ती. लतिकाआक्कास, रघुवीरचा शि. सा. न. वि. वि.

पणजोबा सापडले! कॅम्पातल्या गोऱ्यांच्या दफनभूमीत शेवाळ खरवडलं आणि ‘कॅप्टन टॉमस’ हे नाव निघालं. आजोबा सांगायचे तेच नाव, तोच हुद्दा. विलायतेत त्यांचं घराणं फार मोठं, असं इथले पाद्री म्हणतात. वारसांना पत्र लिहायला ते तयार आहेत. जमलं तर मी तिकडंच जाऊन राहीन म्हणतो. हल्ली वर्गात मुलं पाढे म्हणत असतात आणि मला धुक्यातलं हिरवं कुरण दिसतं, दगडी घर दिसतं, दारातून कुणीतरी हाक मारतं.

मुलांना गोड पापा. माया असू दे.
तुझा रघुवीर

निपाणी, ९ फेब्रुवारी

चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद.

साहेबबहादूर, गोरे गाशा गुंडाळायला लागले आणि तुम्ही त्यांच्यामागं निघालात? यजमान पोट धरून हसले. मला मात्र झोप नाही. बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच रे.

पाद्र्यांना जरा थांबव. आजोबांची धाकटी बहीण, नागुआज्जी, कणकुंबीत अजून आहे. आजोबांनी गाव सोडलं ते पुन्हा तिकडं फिरकले नाहीत, बाबांनाही कधी जाऊ दिलं नाही. का, ते तिला विचारून ये.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आक्काला विसरू नकोस.
लतिका

कणकुंबी, १८ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

आज्जी माझ्याकडं बघून आधी खूप हसली. म्हणाली, आमचा बाप कप्तान न्हवता रं, कप्तानाच्या घोड्यांस्नी नाल मारायचा. म्हणजे कॅम्पातलं थडगं दुसऱ्याच कुणा टॉमसचं.

तापानं फणफणलेल्या टॉमसला पलटण इथल्या रानात टाकून गेली. राजाबाई नावाच्या तरुण विधवेनं त्याला उचलून घरी आणलं. तो तापात त्याच्या भाषेत आईला हाका मारायचा. तिला एक अक्षर कळत नसे. पण दर हाकेला ती म्हणायची, व्हय रं, हाय मी.

तो बरा झाल्यावर पलटणीनं त्याला नेलं, मायदेशी धाडायला वेंगुर्ल्याच्या बंदरात पोचवलं. तिथून तो निसटला आणि घाट चढून चालत परत आला. गावानं दोघांना वाळीत टाकलं. मुलं झाली, तरी पाणवठा वेगळाच राहिला. आजोबांना ते सोसलं नाही. शहरात जाऊन त्यांनी बापाला कप्तान केलं.

आज्जीनं विचारलं, तू पन जातोस व्हय तिकडं? नाही म्हणालो. पाद्र्यांनाही तसं कळवतो आहे.

राजाबाई आधी गेली. खांदा द्यायला कुणी आलं नाही. टॉमसनं तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि एकटाच नदीकडं निघाला. गावाची दारं बंद होती. मग एक उघडलं. तिचा थोरला भाऊ भावकू बाहेर आला. बहिणीशी त्यानं बोलणं टाकलेलं होतं. तो पुढं झाला आणि टॉमसच्या हातांखाली त्यानं आपले हात घातले.

शनिवारी आज्जीला घेऊन निपाणीला येतो. माझ्या वाटणीची माया तिला दे.
रघुवीर