ओठ शिवल्यामुळे मुलगी ओळखू न आल्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
बालवाडी शिक्षिका निवड मंडळ, वर्धा.

विषय : कु. अन्नपूर्णा वासुदेव निस्ताने हीच कु. अन्नपूर्णा वासुदेव निस्ताने असल्याचे मान्य होऊन रुजू करून घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा नकार (तोंडी, लेखी मागितला, मिळाला नाही).

महोदय,

१. मी रोहणा, ता. आर्वी येथील रहिवासी असून बी. ए. झालो आहे व शेती करतो. माझी मुलगी अन्नपूर्णा हिची लेखी परीक्षेतून बालवाडी शिक्षिका म्हणून निवड झाली. अर्जातील 'ओळखीची खूण' या रकान्यात तिने प्रामाणिकपणे 'वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला' असे लिहिले होते. मुलांना गाणी शिकवायची तर शब्द नीट उमटावेत, म्हणून निवडीनंतर तिने शिबिरात जाऊन ओठाची प्लास्टिक सर्जरी करून घेतली. ओठ जुळला आणि नोकरी अडली.

२. रुजू होण्यास गेलो असता आपले लिपिक श्री. चंद्रभान ढोले यांनी खूण दाखवा म्हटले. डॉक्टरांचा दाखला दिला. त्यावर, हा कोणाचा तरी ओठ शिवल्याचा दाखला आहे, तो हिचाच कशावरून, अशी शंका निघाली. शंका तर्काला धरून आहे. कॉलेजात तर्कशास्त्र घेतले असल्याने मला तिचा त्रास जरा जास्तच झाला.

३. मग गावच्या दोन साक्षी मागितल्या. पोलीस पाटील रूपराव ऐन वेळी सत्यवादी निघाले. म्हणाले, "वासुदेवराव, पोरगी लहानपणापासून तोंडाले दुपट्टा लावून राह्यली. म्या तं तिचं तोंड कधी पाह्यलंच नाई, सही कायच्यावर करू?" दुसरी साक्ष माझ्या आई मनकर्णाबाई यांची. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, नात आवाजावरून कळते. हल्ली त्या घरातच विचारतात, "हे कोन बोलून राह्यली वं, पाहुनी आली का?"

४. अखेर श्री. ढोले यांनी मार्ग सुचविला, "काकाजी, एखादा टाका उसवून आना ना. सायबानं खूण पाह्यली का पुन्हा शिवून घेजो." सूचना सहानुभूतीने केली होती, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. मी काही बोलण्याआधीच अन्नपूर्णा खळखळून हसली. इतकी वर्षे ती हसू आले की भिंतीकडे वळत असे. यावेळी वळली नाही. त्यावर प्रकरणात शेरा मारून तो मला वाचून दाखविण्यात आला : "उमेदवार कार्यालयात हसली. तोंड झाकले नाही. सबब ही ती नव्हे."

५. ३० जूनपर्यंत रुजू न झाल्यास जागा यादीतील पुढच्या मुलीस जाणार आहे.

तरी विनंती की, सदर शेऱ्यातील पहिली दोन वाक्ये खरी असून ती सरकारी शाईत जशीच्या तशी राहू द्यावीत. तिसरे तेवढे खोडून मुलीस रुजू करून घ्यावे.

आपला, आणि अन्नपूर्णेचा बाप असल्याबद्दल अद्याप कोणी शंका न घेतलेला,

वासुदेव रूपचंद निस्ताने
रोहणा, दि. २१ जून १९८२

सोबत :
१) शस्त्रक्रियेचा दाखला.
२) अन्नपूर्णा, स्वतः.