येताना येतो

शनिवार, दाजीपूरच्या जंगलातलं रिसॉर्ट. संध्याकाळ.

खोली शिवाजी पेठेतल्या आमच्या अख्ख्या घराएवढी आहे. तरी बसवत नाही.

सकाळी ट्रेकला निघालो. मी, सुनीता, शेजारचे पाटील नवरा-बायको आणि गाईड दगडू. वाटेत एकच घर लागलं. म्हातारी दारात आली, "पावणं, च्या घिऊन जावा की." घाई होती. मी म्हणालो, "येताना येतो." पेठेत रोज दहा जणांना म्हणतो, तसंच. ते कोण धरून बसतं?

वाट गोल फिरून दुसरीकडनं रिसॉर्टला आली. दगडूला ते माहीत होतं. मला विचारायला काय झालं होतं? परत येऊन मसाज करून घेतला.

दगडूचं घर त्याच बाजूला. दुपारी घरी जाऊन आत्ता परत आला. म्हणाला, "सायब, म्हातारी अजून दारातच बसलीया. चार कप मांडून ठेवल्यात. दूध बी वाडीवरनं आणलंय." वाडी म्हणजे तासाभराची चाल.

सुनीता म्हणते, "उद्या तुम्ही जाऊन या. आम्ही कयाकिंगला जातो."

चार कप मांडलेत तिनं. एकटा जाऊन उरलेल्या तीन कपांचं काय सांगू?