दाराला टांगलेल्या लोंब्या

ताईस,

धाकट्याचा नमस्कार. बाबांनाही सांग, ते घेणार नाहीत तरी. मी ठणठणीत आहे आणि दोन्ही वेळा पोटभर जेवतो. तुझा खोकला गेला का?

इथं गव्हावर बुरशीनाशक फवारायचं काम आहे. यंदा दमट हवा हटेना, म्हणून मी मुकादमाला म्हटलं, आत्ताच फवारू. तो हसला. "पानं हिरवीगार आहेत. औषध काय तुझ्या बापाचं आहे, कॉलेजबुडव्या?" मी त्याची गचांडी धरली. चूक झाली, पण बाप काढला गं त्यानं! फवारणी मात्र राहून गेली.

काल शेतातून चालत आलो तर विजार गुडघ्यापर्यंत नारिंगी झालेली. तांबेरा, वाऱ्यावर पसरणारी बुरशी. आता औषध मारतोय, पण गेलेली पानं परत येत नाहीत.

रागावू नकोस, एक सांगतो. मागे मी तिला, आपल्या शेजारच्या मळ्यातल्या माझ्या तिला, याच शेतातल्या लोंब्या पाठवल्या होत्या, पानांसकट जुडी बांधून. पानांवर बारीक पिवळे ठिपके होते. मला ते नक्षीसारखे वाटले; तांबेऱ्याची ती सुरुवात होती, हे आता कळतंय. आज तिचं पत्र आलं. जुडी तिनं त्यांच्या पंपाच्या खोलीच्या दाराला टांगलीय, अगदी आपल्या बांधालगत. वाऱ्यावर डुलली की माझी आठवण येते म्हणते.

ती जुडी लगेच काढून जाळ. तिला काहीही सांग, मी दुसरीच्या मागे लागलो म्हण हवं तर. आणि बाबांना म्हणावं, आजच फवारा, तिच्या वडिलांनाही सांगा. पानं हिरवीगार आहेत, असं ते म्हणतील. इथंही तशीच होती.

तुझाच,
तापट