चुलीशेजारची बॅटरी

सायलिक, ५ डिसेंबर

चि. तुयारास,

तुझ्या एबेचे, आजीचे, ओंजळभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र अक्षर लावत लावत दोनदा वाचलं. तुझ्या दवाखान्याच्या ड्रायव्हरचा पाय मोडला, गाडी आता तुलाच सुरू करायची, आणि त्या आनिसियाचे दिवस भरत आलेत. ऐन वेळी गाडी निघाली नाही तर तिचं काय, हा घोर तुला. खरंच आहे. पण रडून इंजिन तापत नाही गं.

तुझ्या आजोबांची दुधाची गाडी तीस हिवाळे रोज पहाटे मीच उठवली. ते असते तर म्हणाले असते, त्यांनी उठवली. ऐक. रात्री बॅटरी काढून घरात आण, तान्ह्या वासरासारखी. गाडीवर जाड गोधडी घाल. सकाळी आधी वाकून बघ, पेट्रोल ठिबकत नाही ना. मगच ब्लोलॅम्पची ज्योत पेटव आणि इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला दुरून शेक दे. तिथून हलायचं नाही. आपला प्रोकोपी चहाला गेला आणि गाडीसकट कुंपण जाळून बसला. अजून त्याची बायको चहा देताना विचारते, कुंपण बरं आहे ना.

क्लच दाबून सेल्फ मार, दहा मोजेपर्यंतच. नाही घेतलं तर दम खा. सुरू झाली की लगेच रेस करू नकोस. झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्याला कोणी नाचायला लावतं का? शेडचं दार सताड उघडं ठेव, त्या धुरानं माणूस मरतो. आणि गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची वायर लावू नकोस, फुटते.

मासळी खात जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी एबे,
मात्र्योना

बेरे-आलास, १९ डिसेंबर

ती. एबेस,

तुयाराचा सा. न. वि. वि. परवा पहाटे आनिसियाला कळा सुरू झाल्या. उणे चौपन्न! मी बॅटरी घ्यायला चुलीपाशी गेले, तर जागा रिकामी. घरमालकीण फेव्रोन्याआजी शांतपणे म्हणाल्या, की असली वास मारणारी काळी पेटी शेजारी ठेवली तर अग्निदेव रागावतो. म्हणून त्यांनी ती बाहेरच्या थंड पडवीत गोठवलेल्या मासळीपाशी ठेवली आणि चुलीला लोण्यात बुडवलेली पोळी देऊन माफी मागितली. एबे, बॅटरीचा दगड झाला होता!

गावचे पुरुष वायरी घेऊन धावले. मी आडवी आले, लावू देणार नाही म्हटलं. शहरातली पोर आम्हाला शिकवते, म्हणून हसले. शेवटी सेमियोनकाकांनी पलंगाखालून स्वतःची ऊबदार बॅटरी ओढून काढली. बायकोपेक्षा हिची जास्त काळजी घेतो, म्हणाले. काकू म्हणाल्या, ते दिसतंच आहे. अर्धा तास मी बर्फात पडून शेक दिला. आनिसिया खिडकीतून ओरडत होती, तिच्यापेक्षा जास्त तिची सासू. तिसऱ्या सेल्फला गाडी खोकली आणि सुरू झाली!

मोठ्या दवाखान्यापर्यंत नव्वद किलोमीटर, निम्मे नदीच्या बर्फावरून. दुपारी दोनला मुलगी झाली. दोघी खुशाल.

तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई विचारतात, दुसरा ड्रायव्हर पाठवू का. मला त्या दिवशी फार भीती वाटली गं. काय लिहू? फेव्रोन्याआजी माझ्याशी बोलत नाहीत, लाजल्यात की रागावल्यात कळत नाही.

उत्तराची वाट बघणारी,
तुयारा

सायलिक, २ जानेवारी

चि. तुयारास,

एबेचे आशीर्वाद, यावेळी ओंजळ पुरत नाही. वि. वि. तुझं पत्र मी प्रोकोपीच्या घरी वाचलं, दुकानात वाचलं, आणि गाईंचं दूध काढतानाही म्हणून दाखवलं. गाईंनी सगळं ऐकून घेतलं. प्रोकोपी म्हणाला, नशीब पोरीचं. मी म्हटलं, नशीब बर्फात अर्धा तास उताणं पडत नाही.

पण फेव्रोन्याच्या बाबतीत चूक तुझी. घर तिचं, चूल तिची. अग्नीशेजारी काही ठेवायचं तर आधी घरच्या म्हातारीला विचारायचं, एवढंही मी शिकवलं नाही का? लोणी घेऊन जा, तिच्या हातानं चुलीला द्यायला लाव आणि माफी माग. मग तीच बॅटरीला जागा दाखवेल. म्हाताऱ्या बायकांना विचारलेलं फार आवडतं, मला माहीत आहे.

भीतीचं म्हणशील, तर मला तीस हिवाळे रोज वाटायची. ती जात नाही. तिला शेजारी बसवायचं आणि निघायचं. आता डॉक्टरीणबाईंना मोठ्या अक्षरात लिही: ड्रायव्हर नको, जास्तीची एक बॅटरी पाठवा.

बाळाच्या गालाचा पापा घे. मायेनं लिहीत राहा.

तुझी एबे,
मात्र्योना