आधी लेकराला विचारा

गुरुजी, आज शाळेत भांडून आलो. तुम्ही असता तर माझा कान धरला असता की माझ्या शेजारी येऊन उभे राहिला असता, याचाच विचार वाटभर करत होतो. शाळेपुढचा लिंब अजून आहे, त्याखालचा तुमचा बसायचा दगडही.

नात सातवीत आहे. आमच्याकडे शेळ्या तेव्हाही होत्या, आजही आहेत. कळमनुरीच्या निबंध स्पर्धेसाठी तिनं शेळीवर लिहिलं. सरांनी वहीचा फोटो काढला, तिच्या नावासकट फोनमधल्या एआयला दाखवला आणि विचारलं, हे लेकरानं लिहिलंय का? त्यानं सांगितलं, बहुतेक यंत्रानं लिहिलंय. झालं, निबंध बाद. काल पोरगी वही जाळायला चुलीपाशी बसलेली दिसली. वही हिसकून घेतली आणि आज सकाळी तिच्यासकट शाळा गाठली.

"सर, तुमी हिलाच काहून न्हाई विचारलं?"

"आजोबा, मी न्हाई म्हणत. हे म्हणून राहिलं," ते फोन दाखवत म्हणाले.

"मग हजेरीबी त्यालाच घेऊ द्या! आन् पोरीचं नाव त्याला सांगितलं ते कुणाला विचारून?"

आणि बोलता बोलता मी चौथीत जाऊन पोचलो. चांदण्यावरची कविता मी तुमच्यापुढे धरलीय. तुम्ही चष्म्यावरून बघता आणि म्हणता, "ही तुझी न्हाई." वर्ग हसतो. मी छाती काढून म्हणतो, "माझीच हाय." तुम्ही छडीला हात लावत नाही. लिंबाखाली नेऊन पाटी देता. "मग शेळीवर लिही. मी हितंच बसतो." तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकते. भाकरी संपते, सावली सरकते, आणि कशाबशा चार ओळी होतात. तुम्ही त्या दोनदा मोठ्यानं वाचल्या आणि तुमचा शाईचा पेन माझ्या खिशाला लावला.

मी सरांना तेच म्हटलं, तिला बसवा आन् तुमीबी बसा. माणूस वाईट नाही, बसले. विचारलं, "शेळी पिल्लाला जवळ करीना, तर तुझी आई पिल्लाला मीठ चोळते, असं लिहिलंयस. कशाला?"

नात खालीच बघत म्हणाली, "चाटावं म्हणून. चाटलं की आपलं वळखती, मंग पाजती." मग हळूच, "तुमच्या फोनला येतं का सर, चाटून वळखाया?"

सर हसले, मग ओशाळले. तिच्यादेखत फोनमधला फोटो पुसून टाकला आणि निबंध स्पर्धेच्या पाकिटात घातला.

फोनशी माझं वैर नाही, गुरुजी. पोरांनी त्यात शब्द शोधावेत, गणितं समजून घ्यावीत, सर शेजारी असावेत. पण लेकरू खरं की खोटं, हे त्याला ठरवू देणार नाही. उद्या पुन्हा झालं तर पुन्हा जाईन, काठी टेकत.

आता एक सांगतो, हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही म्हणून. चांदण्याची ती कविता माझी नव्हती. थोरल्या बहिणीच्या वहीतून उतरवली होती. तेव्हा फोन असता तर तो बरोबरच ठरला असता, आणि शेळीच्या त्या चार ओळी मी कधी लिहिल्या नसत्या. पेन लावताना तुम्ही चांदण्याचं काहीच विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. पेन मात्र ठेवून घेतला.