मानसीचा इटलीचा तांदूळ

रविवार रात्र, स्टुटगार्ट

मानसी इटलीतल्या कुठल्याशा शेतकरी गावात राहून काय आली, आज दुपारी जेवायला बोलावून सगळा वेळ तेच! मठातल्या लोकांनी दलदल हटवून भातशेती कशी सुरू केली, मग ते कालवे, जुनी गिरणी, चौकातला घंटेचा मनोरा. आणि माझा नवरा? इथला एक किल्ला बघायला येत नाही, तो निखिल तिला विचारतोय, "कालवे अजून वाहतात?"

निघताना तिने तिथला तांदूळ दिला. "धुऊ नकोस हं, चिकटपणा जातो." न धुता भात? माझ्या घरात? आल्या आल्या खळखळून धुतला. रात्रीचा भात फडफडीत झाला. निखिल म्हणाला, "छान आहे. पण मानसीकडचा..." पण काय? जाऊ दे.

मनोऱ्यावर मात्र बाईसाहेबांना चढता आलं नाही, दुरुस्तीसाठी बंद होता. आत्ताच फोनवर पाहिलं, ईस्टरला उघडतोय. निखिलला म्हटलं, सुट्टीत तिकडेच जाऊ. केवढा खूश झाला! बिचाऱ्याला वाटतंय, मला इतिहास आवडायला लागला.